'फा ला ला' आणि चावटपणा

इंग्लिश मॅड्रिगल ऐकायला गेलं की बहुतेक वेळा काय दिसतं? काळे कपडे, हातात फाइली, चेहऱ्यावर प्रार्थनेचा भाव. गाणं सुरेल, निर्मळ आणि (खरं सांगू का) जरा झोप आणणारं. माझा या सोवळेपणावरच आक्षेप आहे. यातली कितीतरी गाणी चक्क चावट आहेत हो!

जॉन फार्मरचं 1599 मधलं 'फेअर फिलिस' घ्या. मेंढ्या राखणारी फिलिस एकटी बसलीय, म्हणून सुरुवातीला एकच आवाज. कळपाचा उल्लेख आला की चारही आवाज घुसतात. इथवर सगळं निरागस. मग ती दिसेनाशी होते, प्रियकर वर-खाली हिंडत तिला शोधतो, ती सापडते, चुंबनं सुरू होतात.. आणि नेमका इथून फार्मर आपल्याला परत 'वर-खाली'पाशी पाठवतो! शब्द तेच, सूर तेच, फक्त आता ते चुंबनांनंतर येतायत. आलं ना लक्षात? लूपमधली एक ओळही न बदलता दुसऱ्या फेरीत अर्थ फिरवायचा.. आमच्या धंद्यात याला बग म्हणतात.

थॉमस मॉर्लीच्या 1595 च्या मे महिन्याच्या गाण्यात पोरं-पोरी हिरवळीवर नाचतात आणि शेवटी 'बार्ली-ब्रेक' खेळायची गोष्ट निघते. हा जोड्याजोड्यांनी खेळायचा पकडापकडीचा खरा खेळ होता. पण त्याचा दुसरा अर्थही तेव्हा सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो काही पकडून थांबत नाही. त्यावर लगेच 'फा ला ला'. इतकं साळसूद पांघरूण मी दुसरं पाहिलं नाही.

मुळात ही गाणी टेबलाभोवती बसून आपापसात गायची. प्रत्येकापुढे फक्त आपल्या आवाजाची वही. पूर्ण गाणं कुणाच्याच हातात नाही, ते चौघांनी तोंड उघडल्यावरच कळणार. गंमत गाणाऱ्यांची गाणाऱ्यांशीच. तिचं स्तोत्र करून टाकलं की उरतं काय?

सगळीच मॅड्रिगलं अशी नाहीत, मान्य. गिबन्सचा 1612 मधला 'सिल्व्हर स्वान' गंभीरच गायला हवा. आणि चावट गाण्यातही प्रेक्षकांकडे बघून डोळे मारायची गरज नाही, ते तर त्याहून वाईट. चेहरा सरळ ठेवा, शब्द स्पष्ट म्हणा, ताल जरा खेळता असू द्या. आणि वेळ वाचवायला फिलिसची ती पुनरावृत्ती तेवढी गाळू नका राव!