मीपो संघाला ओझे नाही

‘डोटा २’ या संगणकीय खेळातला मीपो हा हिरो म्हणजे नुसती बोटांची कसरत आणि संघाला ओझे, हे गेल्या अंकातल्या पालघरच्या पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटले नाही. मीपो हरतो तो नजर हटली म्हणून. एकाचे अनेक मीपो होतात आणि त्यातला एक जरी मेला तरी सगळे मरतात. जखमी झालेला आधी मागे घ्यायचा, मग लढायचे.

तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून रात्री खेळणाऱ्या बोईसरच्या पोरांना मी सांगतो, शत्रूला अडकवणारी सगळ्या मीपोंची जाळी एकदम फेकू नका. पहिले सुटत आले की दुसरे टाका. बाकीच्या मीपोंना ‘पूफ’ करून मुख्य मीपोपाशी उतरायला लावा. त्याला दीड सेकंद लागतो. तो संपता संपता मुख्य मीपोने ‘ब्लिंक डॅगर’ने उडी मारून शत्रूच्या अंगावर जायचे, की सगळे तिथेच उतरतात! समोर अर्थशेकर हा हिरो असेल तर मात्र मीपो घेऊच नये. त्याचा ‘एको स्लॅम’ गर्दीत फार घातक.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताने याच खेळात कांस्यपदक मिळवले. मग आपल्या पोरांना अवघड हिरोपासून दूर का ठेवायचे? मीपो घेताना फक्त खेळातल्या जंगलातले सोने कोण घेणार, एवढे साथीदारांशी आधी बोलून घ्यावे.

– एक वाचक, बोईसर