शरणपूरची पोरं

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत आफ्रिकेत मोहिमा काढणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली गेली. शवपेटीबरोबर चालायचा मान मिळालेल्यांत त्याला आफ्रिकेत गाठणाऱ्या स्टॅन्लेसारखे नामांकित गोरे होते आणि त्यांच्यात एक काळा तरुण होता. जेकब वेनराइट. हा शिकला होता आपल्या नाशिकला, शरणपुरात. ज्या शरणपूर रोडवर आपण आज गाडी लावायला जागा शोधत फिरतो, तिथलाच.

जेकब पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीत सापडलेलं पोर. गुलाम वाहणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात अडवायचं आणि सुटलेल्या मुलांपैकी पुष्कळांना मुंबईला उतरवायचं. तिथून काहींची रवानगी नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत व्हायची. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. इथं मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी शिकली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कारस फॅरार ही त्यांची नावं. आडनावं मिशननं दिलेली. आईनं दिलेलं नाव बहुतेकांच्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

१८६६मध्ये लिव्हिंग्स्टननं यातली नऊ पोरं मोहिमेवर नेली, आणि पुढं रोजनिशीत त्यांच्याबद्दल भरपूर कुरकुरही केली. रिचर्ड वाटेतच गेला. १८७२मध्ये दुसरी तुकडी गेली, तिच्यात जेकब होता. मे १८७३च्या सुरुवातीला चितांबोच्या गावात साहेब वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं, जेकबनं प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर साहेबाचं नाव आणि तारीख कोरली. मग मिठात मुरवून उन्हात वाळवलेलं ते प्रेत खांद्यावर घेऊन ही माणसं कित्येक महिने चालत समुद्रकाठी पोचली.

शरणपूरच्या या पोरांची नावं आज आपल्याला माहीत आहेत ती एवढ्यासाठी, की त्यांच्या खांद्यावर एका बड्या माणसाचं प्रेत होतं. देवी आणि पटकीनं मुलं पटापट जाण्याचा तो काळ. गलबताच्या तळाशी उपाशी कोंबून आणलेल्या मुलाला नाशिकची थंडी मानवली नसेल, तर त्याचं नाव कोरायला जेकब कुठून यायचा? उरलेल्यांपैकी बरेच जण १८७५मध्ये मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला हलवले गेले. नाशिकनं त्यांना विसरायला फार वेळ घेतला नाही.

मिशनची बाजूही सांगितली पाहिजे. या मुलांना पळवणारे वेगळे होते आणि सांभाळणारे वेगळे. कॅनडातल्या निवासी शाळांत तसं नव्हतं. तिथं सरकार आणि चर्च यांनी मिळून आदिवासींची मुलं घरातून उचलली. मे २०२१मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारनं २१५ मुलांचे अवशेष सापडल्याचं तिथल्या आदिवासींनी जाहीर केलं. या आकड्यावर वाद घालणारे आहेत, त्यांनी तो खुशाल घालावा. तिथल्या सत्यशोधन आयोगाचा २०१५चा अहवाल रडारवर नाही, कागदपत्रांवर उभा आहे. नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यूंत मुलाचं नावच लिहिलेलं नाही, असं तो सांगतो. प्रेत घरी पाठवायचा खर्च सरकार सहसा द्यायचं नाही, म्हणून मुलांना शाळेजवळच पुरलं गेलं.

कॅमलूप्सच्या बातमीनं आपल्याकडंही लोक हळहळले. पण कबरीवर नाव नसणं हे आपल्याला नवं नाही. आपल्याकडं तान्हं मूल गेलं तर पुरतातच, वर दगड बसवायची रीत नाही. आईला जागा ठाऊक असते, तेवढं पुरतं. मूल कशानं गेलं हे आईबापाला कुणी धड सांगितलंच नाही, तर ते मात्र कुठल्याच रीतीत बसत नाही. आणि त्यासाठी कॅनडाला जायला नको.

शरणपूर रोडपासून फार लांब नाही, गडकरी चौकात आदिवासी विकास आयुक्तालय आहे. राज्यभरातल्या आश्रमशाळांचा कारभार तिथून चालतो. जूनमध्ये पेठ, सुरगाण्याकडं गेलात तर दिसेल: बापाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, पेटीवर ऑइलपेंटनं पोराचं नाव, इयत्ता आणि पाडा, किल्ली पोराच्या गळ्यातल्या दोऱ्यात. पहिलीतलं पोर असतं ते. आश्रमशाळांतली अशी शेकडो मुलं गेल्या दोन-तीन दशकांत शाळेच्या ताब्यात असताना दगावली. कुणी तापानं, कुणी साप चावून, कुणी बुडून. २०१६मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीनं या मृत्यूंचा धांडोळा घेतला, तेव्हा कित्येकांचं कारण नीट नोंदलेलंच नव्हतं. आपल्याकडं प्रेत घरी जातं, पेटीही जाते, मागाहून सानुग्रह अनुदानही येतं. कारण तेवढं येत नाही. अधिवेशनात प्रश्न विचारला की उत्तरात आकडा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरच्या आतल्या पानावर छापून येतो. आम्हीच छापतो.

आकडा काढता येतो म्हणजे यादीही आहेच. तिच्यात मुलाचं नाव आणि पाडा असावा. ताप कधी चढला, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी नेलं, बापाला निरोप किती वाजता गेला, हेही असावं. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. पेठ आणि सुरगाणा तालुके या क्षेत्रात येतात. तेव्हा मंत्र्यानं सभागृहात आकडा वाचण्याआधी ती यादी त्या-त्या गावच्या ग्रामसभेत वाचली जावी, मुख्याध्यापक आणि प्रकल्प अधिकारी समोर बसलेले असताना. लोक प्रश्न विचारतील, आवाज चढेल, सभा लांबेल. लांबू दे.