इशारा मिळाला, पुढे काय?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई जलमय झाली. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी अवघ्या २५ मिलीमीटर पावसाच्या, तेही ओहोटीच्या वेळच्या, हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्येच तयार होता. बारा वर्षांच्या या अनास्थेची किंमत शेकडो निरपराध जिवांनी मोजली.

ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने त्यानंतर या आपत्तीची मीमांसा केली. हाजी अली, इर्ला येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर्वसूचना प्रणाली कार्यान्वित झाली. पाऊस, भरती आणि भूरचना यांचे गणित मांडून कोणत्या भागात पाणी साचेल, हे ती आधीच सांगू शकते. हे सारे स्वागतार्ह आहे.

परंतु संगणकाने दिलेला इशारा नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरच राहिला, तर मिठीकाठच्या झोपडीतील मातेला त्याचा काय उपयोग? आणि नाल्यात प्लास्टिक टाकणारा हात, खारफुटीवर भराव घालणारा लोभ कोणता पंप थोपवणार? म्हणून प्रशासनाने प्रभागनिहाय इशारा घरोघरी पोहोचवावा, नालेसफाईचा हिशेब जनतेपुढे ठेवावा. नागरिकांनीही आपापल्या वस्तीतील नाल्याचे राखणदार व्हावे. तंत्रज्ञानाला कर्तव्यबुद्धीची जोड लाभली, तरच ही महानगरी खऱ्या अर्थाने सुरक्षित होईल.