केमोनंतरचे वीस दिवस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. मी तेव्हा ज्या ग्रामीण रुग्णालयात होतो, तिथला वॉर्ड जुलाब-उलट्यांच्या रुग्णांनी भरून गेला होता. पन्नाशीचे एक शेतकरी बायकोला घेऊन आले. दिवसातून आठ-दहा वेळा जुलाब, तोंड आलेले, अंगात त्राण नाही. "काही औषध चालू आहे का?" मी जाता जाता विचारले. "सूज उतरायच्या गोळ्या हायेत साहेब. आतड्याला सूज होती, आप्रेशन झालं," ते म्हणाले. मी सलाईन लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने त्यांच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटे आणून माझ्यापुढे ठेवली. कॅपेसिटाबीन. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात ती केमोची गोळी. ज्या गोळीमुळे जुलाब लागले होते, तीच ते आमच्या वॉर्डात बसून सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे घेत होते, कारण 'चौदा दिवस खंड पडू द्यायचा नाही' असे त्यांना सांगितले गेले होते. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. त्यांना तातडीने शहरात हलवले. बारा दिवसांनी घरी गेले. वाचले. मी प्रश्न विचारला होता, पण उत्तर नीट ऐकले नव्हते. ती पाकिटे आदल्या दिवशीच मागून घ्यायला हवी होती.

ही चूक इथे लिहितो आहे, कारण जाफराबाद, भोकरदन, टेंभुर्णीकडचे रुग्ण केमोसाठी छत्रपती संभाजीनगरला जातात, काही जण थेट मुंबईला टाटा रुग्णालयात. पहाटे निघायचे, रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा, दोन-तीन तास सलाईन, आणि रात्रीपर्यंत घर. पुढचे वीस दिवस रुग्ण गावात असतो. औषध दिले जाते शहरात, पण ते अंगावर येते गावात. आणि त्या वेळी समोर असतो तो गावातला डॉक्टर, आशाताई, घरची सून किंवा मुलगा. यांच्यापैकी कोणाला काय माहीत आहे, यावर बरेच काही ठरते.

आधी एक प्रश्न, जो जवळपास प्रत्येक घरातून येतो: गाठ ऑपरेशनने काढली, मग केमो कशाला? काढलेल्या आतड्याबरोबर आजूबाजूच्या लसिका ग्रंथीही तपासायला जातात. त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर काही पेशी रक्तातून पुढे गेलेल्या असण्याची शक्यता असते. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, सीटी स्कॅनमध्येही नाहीत. त्यांच्यासाठी ही केमो. म्हणून ऑपरेशनची जखम भरली की ती लांबवू नये. साधारण दोन महिन्यांच्या आत सुरू झालेली बरी. 'एवढी सोयाबीन निघू द्या, मग बघू' हे या बाबतीत परवडत नाही.

आपल्याकडे सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अशी: पहिल्या दिवशी ऑक्झालिप्लाटिनचे सलाईन, मग चौदा दिवस कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. असे एकवीस दिवसांचे एक चक्र. कॅपेसिटाबीन शरीरात गेल्यावर तिचे रूपांतर फ्लुरोयुरॅसिलमध्ये होते. हे औषध अमेरिकेत चार्ल्स हायडलबर्गर यांनी १९५७ साली पुढे आणले आणि आजही आतड्याच्या कर्करोगाच्या उपचाराचा पाया तेच आहे. ते भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कर्करोगाच्या पेशी तशाच. पण तोंडाच्या आणि आतड्याच्या आतले अस्तर, हाडाच्या मगजात तयार होणारे रक्त, याही पेशी भराभर वाढतात. जुलाब, तोंड येणे, पांढऱ्या पेशी कमी होणे, सगळे त्यातूनच येते. केस मात्र या औषधांनी सहसा विरळ होतात, पूर्ण जात नाहीत. शेजारच्या बाईंचे स्तनाच्या कर्करोगाच्या केमोत सगळे केस गेले आणि आपले गेले नाहीत, म्हणजे औषध लागू पडत नाही, असा निष्कर्ष काढून एक जण घाबरले होते. तसे काही नसते.

चक्रे किती? पूर्वी सरसकट सहा महिने, म्हणजे आठ. २०१८ साली सहा मोठ्या अभ्यासांतल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. तिसऱ्या टप्प्यातल्या, पण त्यातल्या त्यात कमी धोक्याच्या रुग्णांना वरच्या पद्धतीने तीन महिने, म्हणजे चारच चक्रे दिली, तरी फायदा जवळपास तेवढाच राहतो असे दिसले. नसांचा त्रास मात्र खूप कमी. ज्यांची गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर गेलेली आहे किंवा बऱ्याच ग्रंथींमध्ये रोग आहे, त्यांच्यासाठी अजूनही सहा महिन्यांचा विचार होतो. तेव्हा आपल्या कर्करोगतज्ज्ञांना सरळ विचारा, 'मला चार की आठ, आणि का?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मला तर वाटते, प्रत्येकाने विचारावा.

आता नसांबद्दल, कारण आपल्या भागात हा विषय शेतीशी बांधलेला आहे. ऑक्झालिप्लाटिननंतरचे चार-पाच दिवस थंड वस्तूचा स्पर्श विजेच्या झटक्यासारखा लागतो. माठातले पाणी प्यायले की घसा आवळल्यासारखा वाटतो, श्वास अडकला की काय अशी भीती वाटते. बहुतेक वेळा हे थोड्या वेळात ओसरते, पण ठाऊक नसेल तर माणूस हादरून जातो. हिवाळ्यात रात्रीची वीज आली म्हणून गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जाणे, गार पाण्यात उभे राहून बारे मोडणे, हे त्या दिवसांत दुसऱ्या कोणीतरी करायला हवे. कोमट पाणी प्यावे, कानटोपी-मफलर घ्यावा, हातमोजे घालावेत, पहाटे नळाखाली भांडी घासू नयेत. (हे शेवटचे घरातल्या पुरुषांसाठी लिहिले आहे.)

दुसरा त्रास हळूहळू साचतो. तिसऱ्या-चौथ्या चक्रानंतर बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, त्या पुढच्या चक्रापर्यंत जात नाहीत. शर्टाचे बटण लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, कापूस वेचताना बोंड हाताला कळत नाही. तळपाय बधिर झाले की काटा रुतल्याचे किंवा चटका बसल्याचेही समजत नाही. म्हणून अनवाणी चालू नये. हा त्रास बरेच जण लपवतात. 'सांगितलं तर डॉक्टर केमो बंद करतील' ही भीती असते. खरे म्हणजे सांगितले तर मात्रा कमी करता येते, किंवा ऑक्झालिप्लाटिन थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवता येतात. न सांगता रेटले, तर बधिरपणा वर्षानुवर्षे राहू शकतो. हातावर पोट असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर घ्यायच्या. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायच्या नाहीत. उलटीत पडली तर पुन्हा घ्यायची नाही. मात्रा उंची-वजनावरून ठरवलेली असते, म्हणून दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या वापरू नयेत. तळहात-तळपाय लाल होऊन सोलू लागले तर गरम पाणी, खुरपे-कुदळीचे काम टाळावे, साधे मलम लावत राहावे आणि डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि फिट्सची फेनिटॉइन या गोळ्यांचा परिणाम कॅपेसिटाबीनबरोबर धोकादायक वाढू शकतो, त्या चालू असतील तर आधीच सांगावे. आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही: उपकेंद्रात मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळ्यांत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते. फॉलिक ॲसिडमुळे कॅपेसिटाबीनचे दुष्परिणाम वाढू शकतात. अशक्तपणा आहे म्हणून परस्पर त्या सुरू करू नयेत. हेच काढे, जडीबुटी आणि 'कॅन्सरवरच्या' पुड्यांबद्दल.

जुलाब रोजच्यापेक्षा चार-पाच वेळा जास्त झाले, रात्री उठावे लागले, किंवा तोंड इतके आले की पाणी पिता येईना, तर गोळी थांबवायची आणि जिथे केमो घेतली तिथे फोन करायचा. 'खंड पडू देऊ नका' या वाक्याला हा अपवाद आहे, आणि तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवा. काही मोजक्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारे एक विकर जन्मतः कमी असते. त्यांना पहिल्याच चक्रात जीवघेणा त्रास होतो. त्यासाठी रक्ताची तपासणी असते. ती झालेली नसेल, तर निदान पहिल्या चक्रातले जुलाब तरी कोणी अंगावर काढू नयेत.

ताप हा सर्वांत महत्त्वाचा. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जातात. तेव्हा साधा जंतूही रक्तात पसरून काही तासांत माणसाला नेऊ शकतो. घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप दिसला, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, की तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. गोळीने ताप उतरतो, जंतू तिथेच असतो. त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. मोठे शहर दूर असेल तर जवळचे ग्रामीण रुग्णालय. गाडी नसेल तर १०८. रक्ताची तपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस इथेही देता येतो, पुढे हलवणे त्यानंतर. माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही हेच सांगतो: केमोचा रुग्ण ताप घेऊन आला, तर रिपोर्ट यायची वाट पाहत बसू नका.

पण 'मी केमोवर आहे' हे रुग्णाने सांगायचे, तर त्याला ते माहीत हवे. माझ्या त्या शेतकऱ्याने खोटे सांगितले नव्हते. त्याला घरच्यांनी खरोखरच 'सूज' म्हणून सांगितले होते. बायको शेजारी उभी होती, तिला सगळे ठाऊक होते, पण नवऱ्यासमोर बोलायची सोय नव्हती. 'डॉक्टर, त्यांना सांगू नका, हाय खातील' हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे आणि त्यामागची माया मला कळते. बऱ्याचदा मीही मान डोलावली आहे. आता डोलावत नाही. ज्याला आपला आजार ठाऊक नाही, तो रात्री दोन वाजता हुडहुडी भरल्यावर कशाला घाबरेल? पांघरूण घेऊन झोपेल. रोग्याला सांगण्याची पद्धत हळुवार असू शकते, दोन-तीन भेटींत असू शकते. पण तिसऱ्याच कोणाच्या नावाने चार महिने केमो देणे हे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. आणि बहुतेकांना कळलेले असतेच. कर्करोग रुग्णालयाच्या रांगेत बसून आलेला माणूस काय एवढा भोळा असतो?

खर्चाचे बोलायचे, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, योजनेचा फोन १५५३८८. २०१२ पासून संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय असल्याने मुंबईची वारी पुष्कळांची टळली आहे. तरीही गाडीभाडे, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, दोघांचे जेवण हे योजनेत बसत नाही, आणि तिसऱ्या चक्रानंतर रुग्ण येईनासा होतो तो बहुधा यामुळे. केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे काढण्याची घोषणा झाली. जालन्याला केमो मिळू लागली तर जाफराबादचा रुग्ण दुपारपर्यंत घरी येईल, हे मोठेच काम होईल. मात्र त्या केंद्रात चार खाटा आणि सलाईनचे स्टँड मांडून भागणार नाही. रात्री उचलला जाणारा एक फोन आणि तालुक्याच्या डॉक्टरांना आपल्या भागात सध्या कोण केमोवर आहे याची यादी, या दोन गोष्टी त्याच्याबरोबर हव्यात. दोन्हींना फार पैसा लागत नाही.

तोवर घरात करता येण्यासारखे एवढे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोच्या तारखेला गोल करा आणि तिथून सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रेघ ओढा. त्या रेघेतले दिवस लग्नाच्या पंगतीत, बाजाराच्या गर्दीत काढू नका. पाणी उकळून प्या, कापून ठेवलेली फळे खाऊ नका. वरण, अंडी, दूध सोसत असेल ते सगळे खा, उगाच पथ्याने वजन घालवू नका. पेरणी किंवा घरातले कार्य आडवे येत असेल तर फोन करून चार-सहा दिवस पुढे ढकलता येते का विचारा, न सांगता गैरहजर राहू नका. आणि रुग्णाच्या खिशात एक कागद ठेवा: आजाराचे नाव, औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख, रुग्णालयाचा फोन. आमच्यासारख्या डॉक्टरने जाता जाता विचारले, तरी तो कागद हातात द्या.