पूर्ण नाव काय?

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी दूरवर ओळखले जाते. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. इथला गणपती मुंबई-पुण्याला जातो, परदेशातही जातो. कॉलेजला सुटी लागली की आमच्याकडची मुले कारखान्यात बसतात. कोणी मूर्ती घासतो, कोणी रंग देतो. डोळ्यांची आखणी मात्र हात बसलेल्यालाच मिळते.

अशाच एका कारखान्यात काम करून शिकलेली दोन मुले माझे विद्यार्थी. एक आगरी, दुसरा कोकणी मुसलमान. आखणी करायचा तो दुसरा. दोघांनाही घाटावरच्या एका मोठ्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आवार शेकडो एकरांचे; रुंद रस्ते, जुनी झाडे, सभागृहे, अतिथिगृह. वसतिगृहाच्या यादीत मात्र दोघांचेही नाव नव्हते. कार्यालयातून सांगण्यात आले, "बाहेर बघा."

दोघे बाहेर बघू लागले. आगरी मुलगा एकटा गेला की भाडे, डिपॉझिट, पाण्याची वेळ यांवर बोलणे होई. दुसऱ्याचे आडनाव गावावरून पडलेले, 'कर'ने संपणारे. कोकणात अशी आडनावे हिंदूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. एका घरमालकीणबाईंनी आडनाव ऐकून कौतुकाने विचारले, "कोकणातले का?" आणि मग, "पूर्ण नाव काय?" त्याने नाव सांगितले. खोली कालच दुसऱ्याला दिल्याचे बाईंना त्याच क्षणी आठवले! असे सात ठिकाणी झाले.

अखेर आगरी मुलाला कॉट बेसिसवर जागा मिळाली. पाहुणा ठेवायचा नाही, या अटीवर. दुसरा वसतिगृहातल्या एका ओळखीच्या मुलाच्या खोलीत चोरून राहिला. अशा मुलाला तिथे 'पॅरासाईट' म्हणतात. म्हणजे बांडगूळ! रेक्टरची फेरी आली की हा गच्चीवर. एक सेमिस्टर त्याने असे काढले आणि परत आला. आज तो पुन्हा कारखान्यात आखणी करतो. त्याने डोळे आखलेला गणपती त्या बाईंच्या घरी बसला, तर त्याचे पूर्ण नाव कोणी विचारणार नाही.

कोणी म्हणेल, मुंबई जवळ आहे, घरून जा-ये करावी. आमचे जवळचे स्टेशन हमरापूर, पनवेल-रोहा मार्गावरचे. तिथे गाड्या मोजक्याच थांबतात. कालिन्याला जाऊन परत यायचे तर सगळा दिवस प्रवासातच जातो. मग ग्रंथालयात बसायचे कधी? प्रयोगशाळेत थांबायचे कधी? मुलीचे तर विचारूच नका. आवारात कॉट मिळाली तर बाप तिला पाठवायला कसाबसा तयार होतो. 'बाहेर बघा' हे शब्द ऐकले की तिचे शिक्षण तिथेच थांबते.

त्या बाईंवर राग काढणे सोपे आहे. मुसलमानांना भाड्याने घर मिळताना अडचण येते, ही तक्रार सच्चर समितीच्या २००६ सालच्या अहवालातही नोंदलेली आहे. पण माझा पहिला सवाल विद्यापीठांना आहे. प्रवेश गुणांवर देता आणि राहण्याची सोय मात्र बाजारावर सोपवता, हे कसे? बाजारात गुणपत्रिका चालत नाही. तिथे नाव चालते. ज्याला कॉट देता येत नाही, त्याला दिलेला प्रवेश अर्धाच असतो.

आमच्या समाजातील धुरीणांचे उत्तर तयार असते: "आपले स्वतंत्र वसतिगृह बांधू." या उत्तराला मी नाक मुरडणार नाही. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा बोर्डिंग आणि १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करून आमच्या मुलांना छप्पर दिले. त्या काळी ते जरुरीचे होते. पण त्याच शाहूंच्या नावाने कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, तेव्हा सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यानंतर शंभर वर्षे उलटली. आता आपण पंक्तीकडून पुन्हा वेगवेगळ्या चुलींकडे जायचे का? वेगळे वसतिगृह पावसात आडोसा देईल, पण माझ्या आगरी विद्यार्थ्याला शेजारच्या कॉटवर मुसलमान मित्र मिळणार नाही. उद्या तोही घरमालक होईल. तेव्हा तो काय विचारील?

आणि आपणही कोणते धुतल्या तांदळासारखे आहोत? आपल्या मोहल्ल्यात दलित विद्यार्थी खोली मागायला आला, परप्रांतातला आला, एकटी शिकणारी मुलगी आली, तर आपण काय विचारतो? पूर्ण नावच ना? लग्नाच्या हॉलला एका बैठकीत वर्गणी जमते. गरीब विद्यार्थ्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी झोळी फिरवली की लोकांना कामे आठवतात.

उपाय अवघड नाहीत. प्रवेशाच्या जाहिरातीत जागांच्या शेजारी कॉटची संख्याही छापावी. आवारात नवे सभागृह बांधण्याआधी वसतिगृह बांधावे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना शासनाने २०१६-१७ मध्ये आणली. सोय देता येत नसेल तर खर्च द्यावा, हे तत्त्व शासनाने त्यात मान्य केलेले आहे. त्या विद्यार्थ्यांचा हक्क तसूभरही कमी न करता, हेच तत्त्व प्रत्येक गरीब विद्यार्थ्याला का लावू नये? आणि नावावरून खोली नाकारली गेली, तर त्याची तक्रार ऐकणारे एक टेबल तरी विद्यापीठात असावे. आज त्या मुलाला रडायलासुद्धा खिडकी नाही.

मी त्याला अजून म्हणतो, "पुन्हा फॉर्म भर." तो हातातला ब्रश न थांबवता विचारतो, "सर, राहू कुठे?" याचे उत्तर माझ्यासारख्या मास्तराकडे नाही. ज्यांच्या आवारात शेकडो एकर जमीन पडून आहे, त्यांनी ते द्यावे.