देवाचे नाव, गाडीची पाटी

पारशी बांधवांच्या परमेश्वराचे नाव अहुर मज्द. अहुर म्हणजे स्वामी, मज्द म्हणजे प्रज्ञा. हेच नाव ‘माझदा’ होऊन जगभर रस्त्यांवर धावते आहे. हिरोशिमात १९२० साली स्थापन झालेल्या कंपनीने १९३१ मध्ये आपल्या पहिल्या मालवाहू तीनचाकीला ते दिले. संस्थापक मात्सुदा यांच्या आडनावाशीही ते जुळत होते. त्याआधी, १९०९ पासून, अमेरिकेत विजेचे दिवे याच नावाने खपत. आपल्याकडे स्वराज माझदाच्या मिनीबसमधून अनेकांनी प्रवास केला. पण नावाचा अर्थ कितीजणांनी विचारला?

देवाचे नाव वापरले म्हणून रागावण्याचे कारण नाही. आपल्याही दुकानांच्या पाट्यांवर गणपती-लक्ष्मी असतातच. प्रश्न वेगळा आहे. झरथुष्ट्राने माणसाला निवड करायला सांगितली ती सत्य आणि असत्य यांतून. जाहिरातही निवड करायलाच सांगते, पण ही गाडी की ती, एवढीच! आणि ती मूळ निवड जपणारा समाज आटतो आहे. भारतात २००१ च्या जनगणनेत पारशी ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४ उरले. नाव पाट्यांवर टिकेल; सद्विचार, सद्वचन, सत्कर्म हा त्यामागचा आग्रह मात्र माणसांनाच टिकवावा लागतो.