खाडा धरीत नाहीत

'मील प्लॅन'ला मराठीत काय म्हणावे, हे वर्गात कोणी विचारले असते तर 'भोजनयोजना' असे ठोकून देऊन मी पुढच्या पानाकडे वळले असते. पण विचारले ते माझ्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी. 'भोजनयोजना म्हणजे शाळेतली खिचडी ना गं?' असे म्हणून त्यांनी माझ्या भाषांतराचा तिथल्या तिथे निकाल लावला. त्याचे फारसे चुकलेही नव्हते. शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण देण्याची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून जेवणाला योजना हा शब्द चिकटला की त्याला खिचडीचा वास येतो. तेव्हा वाचकहो, इंग्रजी शब्दच राहू द्या. पदार्थ परका आहे. नावही परके असले म्हणून काय बिघडले?

तर हा पदार्थ असा. करमणुकीची जी मोठमोठी उद्याने निघाली आहेत, जिथे पाळणे उलटे फिरतात आणि माणसे पैसे देऊन किंचाळतात, तिथे प्रवेशाचे तिकीट काढतानाच दिवसभराच्या जेवणाचेही पैसे आगाऊ भरून टाकायचे. मग आत गेल्यावर पाकिटाला हात लावायचा नाही. मनगटावरचा पट्टा किंवा हातातले कूपन दाखवायचे की ताट पुढे येते.

कल्पना अमेरिकेतली. वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडले. त्यांच्याच कंपनीच्या फ्लोरिडातल्या विश्वनगरीत २००५ पासून अशी जेवणाची योजना चालू झाली, महामारीत २०२० साली ती थांबली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथला एक नियम वाचून मला मोठी मौज वाटली. तीन ते नऊ वर्षांचे ते मूल. दहावे लागले की प्रौढ! मतदानाला अठरा वर्षे लागतात, पण पोटाने माणूस दहाव्या वर्षीच वयात येतो. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीला अप्पू घर निघाले, १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड आले, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. आता तर लहान शहरांच्या आसपासही पाण्याची आणि पाळण्यांची उद्याने आहेत, आणि पाळण्याच्या मागोमाग जेवणाचे दरपत्रकही आले आहे.

आगाऊ पैसे भरून जेवणे आपल्याला नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्यांनी शहरात राहून शिक्षण केले त्यांना खानावळीचे कूपन ठाऊक आहे. त्याच्याही आधीच्या गरीब विद्यार्थ्यांनी वार लावून जेवून विद्या केली: सात वार, सात घरे. तीही एक योजनाच. फक्त पैशांऐवजी मिंधेपणा भरावा लागे, आणि तोही हप्त्याहप्त्याने. खानावळीने हा मिंधेपणा काढून टाकला, हा तिचा फार मोठा उपकार आहे. शिवाय खानावळीने मराठीला एक सुंदर शब्द दिला: खाडा. एखाद्या वेळी जेवायला यायचे नसले की आदल्या दिवशी सांगायचे. मालक वहीत खूण करी आणि महिनाअखेर तेवढे खाडे वजा होत. 'खाडे धरतात का?' हा खानावळ लावण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न असे. भाजी कशी असते हा दुसरा.

उद्यानाच्या योजनेत खाडा नाही. तिची सारी गोम या एका शब्दात आहे. मूल पाळण्यात बसून आले, पोट ढवळले, जेवणाला शिवले नाही, तरी ताट झालेच. संध्याकाळची कॉफी घ्यायची राहून गेली, तरी कॉफी झालीच. आमच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे एक सहकारी म्हणाले, 'अहो, जे खाल्ले जात नाही त्यावरच तर ही योजना उभी असते.' ते स्वतः मुलांना घेऊन जातात तेव्हा योजना घेतात की नाही, हे मी विचारले. त्यांनी विषय बदलला. घरातले हे खाते बहुधा त्यांच्या सौभाग्यवतींकडे असावे.

आता आमच्या घरचे गणित. आम्ही तिघे: मी, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मुलांचे वडील पाच वर्षांपूर्वी गेले. माणूस गेले की त्याच्या मागे दुःख राहते हे सगळे सांगतात. त्याच्या मागे विषम संख्या राहते हे कोणी सांगत नाही. रिक्षात तीन माणसे छान मावतात, एस.टी.तही तिघांचा बाक असतो. पण हॉटेलचे टेबल चारांचे, सहलीच्या बसची आसने दोन-दोनांची, आणि 'कुटुंब' या शब्दाचा जाहिरातीतला अर्थ दोन मोठी, दोन लहान. त्यातल्या त्यात एस.टी.ने आमच्यावर कृपा केली आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते आधीपासूनच होते. तेव्हा ठक्कर बाजार स्थानकावरून आम्ही निघालो की मी अर्धी, मुलगी अर्धी, मुलगा अर्धा, असे सगळे घर दीड तिकिटात बसते. एवढे सुटसुटीत कुटुंब नाशकात दुसरे नसेल!

मागल्या दिवाळीच्या सुटीत अशा एका उद्यानाला जायचे ठरले. नाव सांगत नाही. कोणतेही धरून चाला. मी फोन करून चौकशी केली. योजना दोन होत्या. पहिली कुपनांची: चार कुपनांचा एक संच, आतल्या कोणत्याही खिडकीवर, दिवसात केव्हाही एका कुपनाला एक ताट. दुसरी बुफेची: दुपारी ठरावीक वेळेत, एकाच सभागृहात, हवे तितके वाढून घ्या, दर माणशी, आणि अर्थातच चढा. 'मॅडम, फॅमिलीला कूपनच परवडतं,' फोनवरचा मुलगा म्हणाला. 'आम्ही तीन आहोत,' मी म्हणाले. 'मग तर चारच घ्या. सुटी तीन महाग पडतात.' आणि ते खरेच होते. मी कागदावर आकडे मांडून पाहिले. सुट्या तीन कुपनांपेक्षा चारांचा संच थोडा स्वस्त पडत होता.

मुलगी माझ्या खांद्यावरून कागद बघत होती. ती म्हणाली, 'आई, चारचं घे ना. बाबांचं मी खाईन.'

तिने हे अगदी सहज म्हटले, पेन्सिल मागावी तसे. मुले या बाबतीत आपल्याहून शहाणी असतात. मीच कागद उलटा करून ठेवला आणि चहा टाकायला उठले.

कागद उलटा केला खरा, पण विचार सुटेना. स्वस्त ते घ्यावे, हा प्राध्यापकीच्या पगाराचा साधा धर्म आहे. परंतु कुपनाची योजना ज्याने आखली त्याच्या डोळ्यांपुढे दोन मोठी माणसे होती. एकाने रांगेत उभे राहायचे, दुसऱ्याने मुलांना घेऊन टेबल अडवायचे. एकाने ताटे आणायची, दुसऱ्याने पिशव्या सांभाळायच्या. मला हात दोन आहेत आणि ताटे तीन. लहान उंचीच्या मुलासोबत काही पाळण्यांत मोठ्या माणसाने बसायचे असते; मी धाकट्याबरोबर बसले की थोरली खाली एकटी. धाकटा आता आठाचा झाला. बायकांच्या स्वच्छतागृहात यायला लाजतो, आणि पुरुषांच्या बाजूला त्याला एकटा सोडताना माझा जीव दारात अडकतो. एकट्या आईबापांना या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. इतरांना सांगितल्या तर ते म्हणतात, 'मुलगी आहे की आता हाताशी!'

हाताशी मुलगी आहे, हेच तर मला सलत होते. घरात ती गेली पाच वर्षे हाताशीच आहे. गॅसचा नंबर लावते, भावाची वही तपासते, मी पेपर तपासत बसले की कुकरच्या शिट्या मोजते. कूपन घेतले असते तर त्या दिवशीही तिचे काम ठरलेले होते: टेबल अडव, पिशव्या बघ, भावाचा हात सोडू नकोस. कुपनातला दुसरा मोठा माणूस तीच. म्हणजे बाबांचे ताट ती खाणार, आणि बाबांचे कामही तीच करणार. बुफेत निदान तिघांना एकत्र आत जाता येते, जागेवर पिशव्या ठेवता येतात, आणि ज्याचे त्याने वाढून घ्यायचे असते. मी बुफेचे पैसे भरले. फरक किती पडला ते लिहीत नाही. त्यात मला एक बरे शब्दकोशाचे पुस्तक आले असते.

राहता राहिला डबा. आम्ही नाशिकची माणसे. सोमेश्वरला जायचे तर दशम्या आणि लसणीची चटणी, पांडवलेणीला जायचे तर चिवडा, आणि कार्तिकात आवळीभोजन. डब्याशिवाय घराबाहेर पडणे आम्हाला शिकवलेच नाही. त्यातून दिवाळी नुकतीच झालेली, घरात फराळाचे डबे भरलेले. पण 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी असतेच. यावर पुष्कळांचा समज असा की, कोर्टाने ही बंदी उठवली आहे. तसे नाही. चित्रपटगृहांपुरता हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने म्हटले की, बाहेरचे खाणे आणू न देण्याचा हक्क मालकाला आहे. मात्र पिण्याचे पाणी फुकट मिळाले पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आणलेले बेताचे खाणे अडवू नये. पाण्याच्या बंद बाटलीवर छापील किमतीहून जास्त घ्यावे की नाही, त्याचाही निकाल डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलवाल्यांच्या बाजूने लागला: तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायला जागा आणि सेवाही देतात, असे न्यायालयाचे म्हणणे. कायदा आहे तो असा. माझे मत विचाराल, तर ज्या देशात माणसे अजूनही पथ्य, उपास आणि आईच्या हातची चव घेऊन प्रवास करतात, तिथे फाटकाबाहेर एक मोठी सावली आणि दहा बाक ठेवणे मालकांना जड जाऊ नये. ज्यांच्याकडे मोटारी आहेत ते मोटारीच्या आडोशाला पंगत मांडतातच. एस.टी.ने येणाऱ्याने कुठे मांडावी?

तर त्या दिवशी सकाळी फाटकावर आमचा डबा निघाला. पहारेकरी सभ्य होता; हुज्जत न घालता त्याने चिकटपट्टीवर नंबर टाकला आणि डबा मागच्या फळीवर ठेवला. ती फळी पाहण्यासारखी होती. स्टीलचे तीनपुडी डबे, प्लॅस्टिकच्या बरण्या, एक फडक्यात बांधलेली भाकरीची चवड, एक थर्मास. आतल्या सगळ्या हॉटेलांपेक्षा त्या फळीवरचे जेवण अधिक चांगले होते, याबद्दल मला शंका नाही.

त्याच्या पुढे उंचीचा खांब. एका रेषेखाली लहानांचा दर, रेषेवर मोठ्यांचा. धाकटा टाचा उंचावून उभा राहिला, कारण त्याला मोठ्यांच्या पाळण्यात बसायचे होते. त्याचे टाचांवर काही चालले नाही. मग थोरलीची पाळी. ती खांबाला पाठ लावून उभी राहिली, आणि मला दिसले की तिने फ्रॉकच्या आत गुडघे वाकवले आहेत. डोके रेषेच्या जेमतेम खाली. चेहरा अगदी निर्विकार. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांचा असतो तसा. पंचवीस वर्षे पर्यवेक्षण केलेल्या बाईला तो कळणार नाही तर कोणाला?

'नीट उभी राहा,' मी म्हणाले.

'आई, लहानात बसतेय मी.'

'नीट उभी राहा गं.'

ती नीट उभी राहिली. रेषेच्या चांगली चार बोटे वर गेली. खिडकीतल्या बाईंनी मोठ्यांचा पट्टा काढला आणि तिच्या मनगटाला बांधला. थोडा वेळ ती माझ्याशी बोलली नाही.

जेवण कसे होते म्हणाल, तर लग्नाच्या तिसऱ्या पंगतीसारखे. पनीर होते, कारण पनीर सगळीकडे असते. पुऱ्या वातड, भात चांगला. धाकट्याने नूडल्सवर गुलाबजाम घेतला आणि नुसते गुलाबजामच खाल्ले. खानावळीच्या हिशेबाने त्याचा निम्मा खाडा. थोरलीने सवयीने त्याचे ताट घेऊन त्याला वाढायला सुरुवात केली, तेव्हा मी ते तिच्या हातातून काढून घेतले आणि तिला म्हटले, तू तुझे बघ. ती क्षणभर गोंधळली. मग गेली, आणि बराच वेळ आलीच नाही. मी मान वर करून पाहिले तर जिलबीच्या परातीपाशी उभी राहून ती जिलबी तिथेच उभ्याउभ्या खात होती, रस मनगटावरच्या पट्ट्यावर गळत होता, आणि तिच्याच वयाच्या कोणा अनोळखी मुलीशी ती काहीतरी हसून बोलत होती. आमच्या पिशव्यांकडे तिचे लक्ष नव्हते.

निघताना संध्याकाळी आम्ही डबा मागायला फाटकाशी गेलो. फळीवर आता दोनच डबे उरले होते, दोन्ही स्टीलचे, एकसारखे. आमच्यावरची चिकटपट्टी निघून गेलेली. पहारेकऱ्याने विचारले, 'तुमच्यात काय आहे?'

'चकल्या अकरा, करंज्या सहा,' धाकट्याने सांगितले. तो मोजूनच निघाला होता.

पहारेकऱ्याने झाकण उचलून खात्री केली आणि डबा दिला. मी दोन करंज्या त्याच्यापुढे केल्या. त्याने रुमालात बांधून घेतल्या.

'आणि हा दुसरा कोणाचा राहिला?' मी विचारले.

'तो माझा,' तो म्हणाला. 'सुटी झाली की खाईन.'